तिसऱ्या सेटचा लिफ्टर

७ सप्टेंबर २०२५

प्रिय महारुद्र,

सत्तावीस वर्षांनी पत्र लिहिताना मायना काय घालावा हे आम्हाला पाठशाळेत शिकवलं नव्हतं. 'प्रिय' घातलं आहे. पटत नसेल तर खोड आणि पुढे वाच.

पत्ता तात्यारावानं दिला. आपला कॅप्टन आता देवगाव फाट्यावर चहाचं हॉटेल चालवतो. पोट असं सुटलं आहे की सर्व्हिस करायची म्हटली तर हातातला चेंडू त्याला दिसणार नाही. तू कृष्णाकाठी एका साखर कारखान्याजवळच्या शाळेत खेळाचा शिक्षक आहेस आणि केस अजून काळे आहेत, एवढी माहिती त्याच्याकडून मिळाली. केसांवर माझा विश्वास नाही.

मुद्द्यावर येतो. आमच्या शाळेचे क्रीडाशिक्षक निवृत्त झाले, जागा भरली नाही, आणि मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ हेडमास्तरांनी माझ्याकडे दिला. संस्कृत आणि खेळ हे दोन्ही विषय त्यांच्या मते सारखेच बिनकामाचे असल्यामुळे एकाच माणसाकडे असलेले बरे. मी नाही म्हणालो नाही. एकेकाळी मी लिफ्टर होतो हे शाळेत कोणाला ठाऊक नव्हतं. मारणाऱ्यासाठी चेंडू नेटवर उचलून देणारा माणूस तसाही कोणाच्या लक्षात राहत नाही.

अडचण अशी की माझ्याकडे दोन लिफ्टर आहेत. एक अपेक्षा. उंच, नजर तीक्ष्ण, पलीकडच्या पोरी कुठे उभ्या आहेत ते न बघता सांगते. दुसरी शिवकन्या, आपल्या शिवारापलीकडच्या तांबोळ्याच्या मळ्याजवळ राहणाऱ्या बन्सीधरची. बुटकी, पण बोटं अशी की चेंडू तिच्या हातातून निघताना आवाज करत नाही. दोघी नववीत, दोघी एकाच बाकावर. मी तुझा-माझा जुना नियम लावला आहे: पहिला सेट एकीचा, दुसरा दुसरीचा, तिसरा नाणं उडवून.

तालुक्याला जिंकलो. पण तात्याराव म्हणतो, दोन लिफ्टरचा संघ कधी जिंकत नसतो. मानवतला आपण कसे हरलो ते विसरलास का, असंही म्हणतो.

विसरलो नाही. तिसरा सेट होता, नाणं तुझ्या बाजूनं पडलं होतं, तुझ्या बोटाला लागलं होतं, तात्यारावानं मला उतरवलं आणि आपण हरलो. एवढंच झालं.

तू आता खेळातला जाणकार. म्हणून विचारतो: दोन लिफ्टरवर संघ चालतो का? दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

वैजीनाथ


२८ सप्टेंबर २०२५

महारुद्र,

उत्तर नाही. हरकत नाही, मला पेपर तपासताना कोऱ्या उत्तरपत्रिकांची सवय आहे.

पाऊस थांबायला तयार नाही. मैदानाचं तळं झालं म्हणून सराव बाजार समितीच्या पत्र्याखाली घेतो. मी पोरींना इशारे दिलेत: पुढच्या मारणारीला चेंडू द्यायचा असेल तर 'अग्रे', मधल्या मुलीला 'मध्ये', मागे टाकायचा तर 'पश्चात्'. 'मध्ये' सोडलं तर समोरच्या संघाला कळत नाही हा फायदा. तालुक्याच्या सामन्यात पंचांनी मला बोलावून विचारलं, पोरी मंत्र का म्हणायल्यात? नियमांचं पुस्तक उघडून बघितलं त्यांनी. मंत्राला बंदी सापडली नाही.

आता जे लिहितो आहे ते खरं कारण आहे पत्राचं. मागच्या वेळी लिहायला हवं होतं.

बन्सीधर आणि त्याची बायको बायनाबाई दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. तुझ्या दारात तर तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्या पडतात, तुला काय सांगायचं. तरी सांगतो. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. बाप तोडतो, आई मोळी बांधते, मुकादमाच्या लेखी ते एकच. यंदा बायनाबाईची कंबर धरली आहे, तिला वाकता येत नाही. म्हणजे बन्सीधरचा कोयता अर्धा. उरलेला अर्धा शिवकन्या.

मी घरी गेलो. बन्सीधरनं खाट टाकली, चहा दिला, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "गुरुजी, तुमी पोरीला शाळेत ठिवा म्हणायला आलात. मलाबी तेच वाटतंय. पण मोळी कोण बांधंल, तुमी?"

मी माझ्या हातांकडे बघितलं. त्यानंही बघितलं. पुढे आम्ही पावसावर बोललो.

निघताना त्यानं एक वाट ठेवली. जिल्ह्याच्या सामन्यांना एका क्रीडा वसतिगृहाचे निवड करणारे येणार आहेत. त्यांना एक लिफ्टर हवी आहे. एकच. राहणं, जेवण, शाळा सगळं त्यांचं. शिवकन्येला त्यांनी घेतलं तर बन्सीधर मेव्हण्याला जोडीला नेईल. नाही घेतलं तर पोर ट्रकमध्ये. मेव्हणा आळशी आहे, वसतिगृहाएवढं कारण असल्याशिवाय बन्सीधर त्याला गळ्यात बांधून घेणार नाही.

म्हणजे मला आता दोन लिफ्टर चालतात की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. निवड करणाऱ्यांपुढे कोणाला किती वेळ उभं करायचं हा प्रश्न आहे. अपेक्षेचा बाप किराणा दुकानदार. ती कुठे जाणार नाही, तिची दहावी ठरलेली आहे. मग तिसरा सेट शिवकन्येला द्यायला काय हरकत आहे, असं मी रोज सकाळी दात घासताना ठरवतो आणि शाळेत पोहोचेपर्यंत मोडतो. नियम मीच केला आहे ना.

तात्यारावाकडे चहाला बसलो होतो. त्याला हे सांगितलं. तो कपबश्या विसळत म्हणाला, "मास्तर, महारुद्राचं बोट दुखायलंय हे मला कोण सांगितलं हुतं, ध्यानात हाय का?"

मागच्या पत्रातलं एक वाक्य अपुरं होतं. तात्यारावानं मला विचारलं, आणि मी सांगितलं.

वैजीनाथ


१० ऑक्टोबर २०२५

महारुद्र,

काल परभणीला जिल्ह्याची फायनल झाली. आज लिहून टाकतो. उद्यापर्यंत थांबलो तर मी माझ्या सोयीनं आठवेन.

पहिला सेट अपेक्षेचा. जिंकलो. पण शेवटच्या दोन-तीन चेंडूंत तिचे हात उघडेनात. मी मनात म्हटलं, थकली. दुसरा सेट शिवकन्येचा. हरलो. चेंडू सुंदर उचलत होती, पण पलीकडच्या पोरी जिथे हात वर करून उभ्या, नेमका तिथेच. चेंडूकडे बघणाऱ्या पोरीला पलीकडचं काय दिसणार? तुला आणि मला तरी कुठे दिसायचं?

मधल्या विश्रांतीत दोघी पाण्याच्या टाकीमागे गेल्या. मी बाटल्या भरायला म्हणून मागून गेलो. शिवकन्या तिच्या ओढणीची चिंधी अपेक्षेच्या मधल्या बोटाला बांधत होती. बोट वांग्यासारखं झालं होतं.

मी विचारलं, काय झालं?

"काय न्हाई सर," शिवकन्या म्हणाली. "खाजवायलंय तिला."

महारुद्र, त्या पोरीचा ट्रक दोन आठवड्यांवर. निवड करणारे गृहस्थ टोपी घालून पहिल्या रांगेत. तिनं मला एवढंच सांगितलं असतं, 'सर, हिचं बोट दुखतंय,' की सेट तिचा होता. ती खाजवतंय म्हणाली.

नाणं उडवलं. अपेक्षा.

आणि मी, संस्कृतचा शिक्षक, पन्नाशीला दोन वर्षं कमी, दोघींसमोर उभा राहून म्हणालो, "अपेक्षेचं बोट दुखतंय. शिवकन्या, तू उतर."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला ते ओळखू आलं. मानवतच्या मैदानावर, जिनिंगच्या भिंतीपाशी, हेच वाक्य मी म्हणालो होतो. फक्त नाव तुझं होतं. तात्यारावानं मला विचारलं नव्हतं. तो पाणी पीत होता. मी उठून त्याच्याकडे गेलो आणि सांगितलं. तू मला सांगू नको म्हणाला होतास. त्या दिवशी पोलीस संघाचा माणूस लिफ्टर बघायला आला होता, हे मला तुझ्याइतकंच माहीत होतं.

या वेळी माझा हेतू चांगला होता, हे मी तुला सांगू शकतो. पण त्या वेळीही मी स्वतःला तेच सांगितलं होतं: संघासाठी.

शिवकन्या जागची हलली नाही. म्हणाली, "मी अशी न्हाई उतरत, सर. नाणं तिचं हाय."

अपेक्षा म्हणाली, "माझ्यानं उचलणं व्हायचं न्हाई, सर. खरंच न्हाई."

मग एकीचं नाणं आणि दुसरीची बोटं, आता मी काय करू, असं मी चिडून विचारलं. पंच घड्याळ बघत होते.

तेव्हा शिवकन्या म्हणाली, "दोघी उतरतो. ती बघंल, मी उचलीन."

मला कळलं नाही. तिनं मला दुसरीतल्या मुलाला समजवावं तसं समजावलं. "कोयता धरलेला माणूस खाली बघतो, सर. बांधणारी म्होरं बघती. कुठं सरी संपली, कुठं बांध हाय, ती सांगती. एकट्याला कोयता म्हणत न्हाईत."

दोघी उतरायच्या तर एक मारणारी कमी करावी लागणार. प्रियांका स्वतःहून बाजूला झाली. "बसते मी. तुमचं लगीन लागू द्या," म्हणाली आणि बाकावर जाऊन बिस्किटं खायला लागली.

तिसरा सेट असा झाला: अपेक्षा नेटपाशी, दुखरा हात पोटाशी धरून, नजर पलीकडे. 'पश्चात्', 'अग्रे', 'मध्ये', 'पश्चात्'. आणि शिवकन्या मान वर न करता, ज्या दिशेचा शब्द येईल तिकडे चेंडू सोडत होती. पलीकडच्या पोरी अपेक्षेचे हात बघत राहिल्या आणि चेंडू दुसरीच्याच हातातून यायचा. एकदा अपेक्षेनं 'मध्ये' म्हणायला उशीर केला, तर शिवकन्या चेंडू धरल्यासारखी क्षणभर थांबली. पंचांनी शिट्टी वाजवली. बाकी चूक नाही. पंधरा-अकरा.

आपण दोघांनी सत्तावीस वर्षांपूर्वी सगळ्या गोष्टी वाटून घेतल्या. पहिला तुझा, दुसरा माझा. दोघांनी एकदम उतरायचं, हे एकदाही डोक्यात आलं नाही. मी पाठशाळेत सात वर्षं काढली, तरी नाही. तू तर काढलीच नव्हतीस.

निवड करणारे गृहस्थ नावं कळवतो म्हणाले.

वैजीनाथ


२५ ऑक्टोबर २०२५

महारुद्र,

हे पत्र टपालानं येणार नाही. शिवकन्येच्या हाती येईल. म्हणजे काय झालं ते तुला कळलंच.

अपेक्षेला घेतलं. उंची, आणि खेळ वाचण्याची नजर, असं पत्रात आहे. खोटं नाही. मी त्यांना फोन करून सांगितलं की त्या सेटमध्ये चेंडू उचलणारी दुसरी होती. ते म्हणाले, होय, बघितलं, चांगली आहे. पण ती स्वतः ठरवत नव्हती, दुसरीच्या सांगण्यावर चालत होती. त्यांना एक पूर्ण लिफ्टर हवी आहे, अर्ध्या दोन नकोत. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित हेच केलं असतं. त्यांना डोळे दिसले. बोटांचं त्यांना काही वाटलं नाही.

बाप नको म्हणत होता, पण अपेक्षा चालली आहे. आधी 'शिवकन्येला पाठवा' म्हणून दोन दिवस जेवली नाही. शिवकन्या तिच्या घरी गेली आणि तिथे बसून तिच्या ताटातलं जेवून आली. म्हणाली, 'ती जेवंना, मग मी जेवले.' उपोषण तिथे संपलं.

भाऊबीज झाली, परवा ट्रक निघतो. बन्सीधरची टोळी यंदा तुझ्या कारखान्याला आहे. हे मला सप्टेंबरपासून ठाऊक होतं. पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही ठाऊक होतं. तुझा पत्ता मी तात्यारावाकडून उगाच घेतला नव्हता. म्हणजे दोन लिफ्टरांवर तुझं मत विचारलं ते खरंच हवं होतं, पण ते निमित्तही होतं. तुझ्या लक्षात आलं असेल. तुला माझी वाक्यं कुठे लंगडतात ते नेहमीच कळायचं.

मागणं असं आहे. ती सकाळी मोळ्या बांधेल, त्यातून तिची सुटका मी करू शकलो नाही आणि तूही करशील अशी माझी अपेक्षा नाही. पण दुपारी तिला तुझ्या वर्गात बसव. संध्याकाळी तुझ्या मैदानावर उभी कर. तुझ्या संघात लिफ्टर असेलच. असू दे. तिला दोघींत खेळता येतं. मार्चमध्ये ती परत आली की माझ्याकडे खेळेल. नाव तिचं इथल्याच शाळेत राहील, हेडमास्तरांशी मी भांडलो आहे. भांडण मराठीत केलं, म्हणून जिंकलो.

हे मागायला माझं तोंड नाही. म्हणून एक राहिलेलं सांगतो. इतके दिवस ते मी पत्रात बसू दिलं नाही.

त्या दिवशी तुझ्या बोटाला पट्टी मी बांधली. माझ्या पंच्याची किनार फाडून, मधलं बोट शेजारच्या बोटाला जोडून. तू 'सैल कर' म्हणालास. मी 'अशीच असते' म्हणालो. तुझं बोट निळं पडलं. मी घट्ट बांधली ती मला येत नव्हती म्हणून, की तिसरा सेट मला हवा होता म्हणून? सत्तावीस वर्षं मी हे दोन्ही बाजूंनी लावून बघतो आहे आणि मला ठरवता येत नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तात्यारावालाही नाही.

आता तू तिला परत पाठवलंस तरी माझी तक्रार नाही. पण तिला पाठवू नकोस. तिचा यात काही संबंध नाही.

वैजीनाथ


२२ मार्च २०२६

महारुद्र,

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी टोळी आली. शिवकन्या काल संध्याकाळी मैदानावर आली. रंग काळा पडला आहे, उंची बोटभर वाढली आहे, आणि बोलण्यात तिकडचं 'की ओ' घुसलं आहे. आमच्या पोरी तिला चिडवून दमल्या.

तू पत्र दिलं आहे का, असं मी विचारलं. नाही म्हणाली.

मी एवढंच विचारलं, सर भेटले का? मग तिनं सांगितलं. टोळी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी तू कोपीवर आलास. बन्सीधरशी बोललास, मग मुकादमाशी, मग परत बन्सीधरशी. अकराला शाळा, पाचला मैदान. सकाळच्या मोळ्या सुटल्या नाहीत. एकदा तू उसाच्या फडात येऊन तिच्या मागे मोळ्या बांधल्यास आणि तुझ्या मोळ्या सगळ्या सुटल्या, हे सांगताना ती हसत होती. तुझ्या संघात कमलबाईंची नात लिफ्टर आहे म्हणे, ही कमलबाई कोण ते मला ठाऊक नाही, पण ती नात आता इशारे संस्कृतात देते. तुझ्या तालुक्याच्या खुल्या स्पर्धेत यंदा तुम्ही दुसरे आलात. दोन लिफ्टर, दोघी मैदानात.

मग माझ्या लक्षात आलं की तिच्या डाव्या हाताची दोन बोटं बांधलेली आहेत. चेंडू लागला, म्हणाली, निघायच्या आदल्या दिवशी. पट्टी सुरेख होती. दोन बोटांच्या मध्ये कापसाची घडी, गाठ बाजूला, आणि नखं गुलाबी.

"सरांनी बांधली," शिवकन्या म्हणाली. "म्हणाले, तुझ्या मास्तरला दाखव. पट्टी अशी बांधत्यात. त्याला तवाबी येत नव्हती."

मी ती गाठ दोन्ही बाजूंनी बघितली. ती जायला निघाली, मग आठवल्यासारखं करून थांबली.

"आन् म्हणाले, घट्ट हाय हे मला कळत हुतं. दातानं सोडता आली आसती. मी सोडली न्हाई."

का सोडली नाही, असं मी तिला विचारलं.

"मी न्हाई इचारलं," म्हणाली. "तुमी इचारा की ओ."

म्हणून विचारतो आहे. पण घाई नाही. सत्तावीस वर्षं मी समजत होतो की पोलीस संघाच्या त्या माणसासमोर उभं राहायला भ्यालेला एकटा मीच होतो; सेट मला जितका हवा होता तितकीच भीतीही होती.

जूनपासून पुन्हा सराव. अपेक्षा वसतिगृहात आहे, सुट्टीत येईल. तोपर्यंत शिवकन्येला डोळे हवेत, म्हणून प्रियांकाला इशारे शिकवतो आहे. ती 'पश्चात्' म्हणायच्या ऐवजी 'मागं गं' म्हणते आणि तेही चालतं. दिवाळीला शिवकन्या पुन्हा ट्रकमध्ये असेल की नाही, ते बायनाबाईच्या कंबरेवर आहे. सध्या ती काठी न घेता अंगणापर्यंत येते.

काल शिवकन्येकडून पट्टी सोडून घेतली आणि माझ्या हातानं बांधून बघितली. चार वेळा बांधली. चारही वेळा ती म्हणाली, "घट्ट व्हायलीय, सर."

मेमध्ये शाळेला सुट्टी असते, तुमच्याकडेही असणार. पाचव्यांदा तू येऊन बांधून दाखव.

वैजू